उणे चाळीस अंशांतला नेम : सिमो हायहा

फिनलंडचे स्नायपर (लपून दुरून अचूक नेम साधणारे सैनिक) सिमो हायहा यांच्या नावावर पाचशेहून अधिक बळी मांडले जातात. आकड्यावर वाद आहेत, पण सोव्हिएत संघाविरुद्धच्या 1939-40 च्या हिवाळी युद्धात कोल्लाच्या जंगलात त्यांनी थंडीचं विज्ञान किती बारकाईने वापरलं, ते जास्त मोलाचं आहे.

रायफल होती एम/28-30, दुर्बीण नसलेली. दुर्बिणीतून नेम धरायला डोकं थोडं वर काढावं लागतं. लोखंडी साईटवर (नळीवरच्या नेम धरायच्या खुणांवर) ते खालीच राहतं. शिवाय काचेवर श्वासाची वाफ गोठते. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम पाच अंश वर असतो. अशा तिरप्या उन्हात काच चमकली की शत्रूला जागा कळते.

नळीच्या तोंडापुढचा भुसभुशीत बर्फ ते आधीच दाबून घट्ट करत. नाहीतर गोळीबरोबर सुटणाऱ्या वायूने बर्फाचा फवारा उडतो आणि लपण्याची जागा उघडी पडते. तोंडात बर्फ धरून ठेवत, म्हणजे श्वास थंड होऊन बाहेर वाफ दिसत नसे. उंची जेमतेम 160 सेंटिमीटर. लपायला तीही सोयीची.

थंडीत शस्त्रच दगा देतं. तेल घट्ट झालं की बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) जड सरकतो, काडतूस पेटवणाऱ्या फायरिंग पिनचा ठोका मंदावतो आणि गोळी उडतच नाही. म्हणून तेल पुसून जवळजवळ कोरडं ठेवायचं. गार रायफल उबदार तंबूत नेली तर धातूवर दव धरतं आणि बाहेर येताच त्याचा बर्फ होतो. त्यापेक्षा ती बाहेर ठेवलेली बरी. उणे 30 ला हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 18 टक्के दाट असते, काडतुसातली दारूही सावकाश जळते. गोळी नेहमीपेक्षा खाली बसते, आणि अंतर वाढेल तसा हा फरक वाढत जातो. तो नुसत्या डोळ्याने सावरायला त्याच हवामानात, त्याच रायफलीवर सराव लागतो. हायहा शिकारी शेतकरी होते. युद्धाआधीच तो सराव त्यांच्या हातात बसला होता.

6 मार्च 1940 ला स्फोटक गोळीने त्यांचा डावा जबडा फोडला. 13 मार्चला शुद्ध आली, त्याच दिवशी युद्ध थांबलं. ते कॉर्पोरल होते. त्यांना थेट सेकंड लेफ्टनंट केलं गेलं, कोल्ला क्रॉस हे पदकही मिळालं. चेहऱ्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. पुढे ते पुन्हा शेती करू लागले, मूस या मोठ्या हरणाची शिकार केली, कुत्री पाळली. 2002 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी हामिना इथे त्यांचं निधन झालं.