एक रात्र, एक चूल, एक काम: जनगणनेच्या व्याख्या कशा घडल्या

16 जून 2025 रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेची अधिसूचना काढली. तिच्यात संदर्भाचा क्षण दिला आहे: 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च 2027 सुरू होतानाचे रात्रीचे बारा. (लडाख आणि हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी 1 ऑक्टोबर 2026.) भारताची लोकसंख्या म्हणून जो आकडा छापला जाईल तो या एका क्षणाचा. पावणेबाराला जन्मलेले बाळ त्यात धरायचे, सव्वाबाराला जन्मलेले नाही. प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन नोंदी करणारा कर्मचारी, मात्र त्याआधी दोनतीन आठवडे दारोदार फिरलेला असतो. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी ही फेरी झाली आणि मग 1 ते 5 मार्च पुन्हा त्याच घरांत जाऊन मधले जन्म-मृत्यू जुळवले गेले. बेघरांची मोजणी तेवढी 28 फेब्रुवारीच्या रात्री, एकाच वेळी.

मोजणी लांबवून क्षण एकच धरायचा, ही तशी अलीकडची तडजोड आहे. आधी सगळेच एका रात्रीत व्हायचे.

त्याच्याही आधी नुसता गोंधळ होता. 1872 ची पहिली देशव्यापी म्हणवली जाणारी गणना प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वर्षी झाली, सगळी संस्थाने तिच्यात आली नाहीत. मुंबई बेटाची स्वतंत्र मोजणी 1864 मध्येच झाली होती. तेव्हा आकडा आला 8,16,562. आठ वर्षांनी, 1872 मध्ये, 6,44,405. मधल्या काळात अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, त्या युद्धामुळे मुंबईत आलेली कापसाची तेजी कोसळली आणि पोटासाठी आलेले लोक आपापल्या मुलखाला परतले. लोकसंख्येचा आकडा कोणत्या दिवशी घेतला याला केवढी किंमत असते, हे मुंबईने असे फार लवकर दाखवले.

म्हणून 17 फेब्रुवारी 1881 ला पहिल्यांदा सगळीकडे एकच रात्र ठरली. अशी रात्र निवडताना मोठ्या जत्रा आणि लग्नाचे मुहूर्त टाळायचे, शिवाय चांदणे हवे, म्हणजे प्रगणकाला वाट दिसेल. त्या रात्री जो जिथे सापडेल तो तिथला. प्रवासी असेल तर स्टेशनात, धर्मशाळेत, बंदरावर. ही पद्धत 1931 पर्यंत टिकली. 1941 मध्ये ती सोडली, कारण एका रात्रीसाठी माणसांची केवढी फौज उभी करावी लागे! तेव्हापासून मोजणीच्या काळात माणूस नेहमीच्या घरी थोडाफार तरी असेल तर तो तिथला. पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे असेल तिथला.

हा नियम कागदावर साधा वाटतो. बीडच्या ऊसतोड मजुराला लावून पाहा. फेब्रुवारीत हंगाम चालू असतो, कुटुंब कारखान्याच्या परिसरात कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, बांधून राहिलेले असते, गावातल्या घराला कुलूप. नियमाप्रमाणे ते कोपीवर मोजले पाहिजे. त्यासाठी प्रगणकाने उसाच्या फडापर्यंत जायला हवे, तेही पहाटे तोडीला निघण्याआधी.

माणसाआधी घर येते. आपला जुना शब्दच मुळी खानेसुमारी, आणि खाना म्हणजे घर. पेशवाईतल्या खानेसुमारीच्या कागदांत घरे मोजली आहेत ती कर आणि कारभारासाठी. इंग्रजी अमलातल्या सुरुवातीच्या गणनांत घर कशाला म्हणायचे याचा मेळ नव्हता: कुठे इमारत, कुठे अंगणाभोवतीची सगळी वस्ती, कुठे एका चुलीवर जेवणारी माणसे. आता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतंत्र मुख्य दार असले की ते जनगणनेचे घर, आणि एका स्वयंपाकघरातले जेवणारे ते कुटुंब. चाळीत एका खोलीत दोन भाऊ दोन शेगड्या मांडून राहत असतील तर घर एक, कुटुंबे दोन. आमच्या जुन्या घराच्या चौकटीवर एकाखाली एक असे तीन गणनांत गेरूने लिहिलेले घरक्रमांक होते आणि तिन्ही वेगळे. घर तेच, दारे मात्र वाढत गेली होती.

खरी गंमत, खरे तर गंमत म्हणू नये, कामाच्या व्याख्येत आहे. 1951 मध्ये कमाईवरून विभागणी होती: स्वतःपुरते मिळवणारा, थोडे मिळवणारा आणि पूर्ण अवलंबून असलेला. 1961 ला निकष सैल केला. हंगामी कामात हंगामाच्या बहुतेक दिवसांत रोज तासाभराहून जास्त राबले की कामकरी. स्त्रियांमध्ये कामकऱ्यांचे प्रमाण सुमारे 28 टक्के आले. 1971 ला प्रश्न बदलला: तुमचे मुख्य काम कोणते? आणि आकडा सुमारे 12 टक्क्यांवर आला.

दहा वर्षांत निम्म्याहून अधिक बायका शेतातून उठून घरात बसल्या? तसे काही झाले नव्हते. प्रगणक दारात उभा, उत्तर बहुतेक वेळा घरातला पुरुष देणार. "मंडळी काय करतात?" "घरीच असते." निंदणी, खुरपणी, जनावरांचा चारा, धारा हे सगळे त्या 'घरीच'मध्ये मावते. घरकाम हेच मुख्य लिहिले गेले की शेतातले काम दुय्यम ठरले आणि बाई काम न करणाऱ्यांच्या रकान्यात गेली. फरक इतका डोळ्यावर आला की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करता यावी म्हणून नमुना पाहणी करून प्रश्न पुन्हा तपासावे लागले. 1981 पासून मुख्य आणि सीमांतिक असे दोन वर्ग आले. वर्षातले 183 दिवस काम केले तर मुख्य, कमी केले तर सीमांतिक. 1991 ला घरच्या शेतावरचे किंवा धंद्यातले बिनमोबदला कामही धरायचे, असे प्रश्नातच लिहिले गेले. माझ्या मते आपल्या जनगणनेच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची शब्दांची भर आहे. तीही उशिरा आली.

साक्षरतेचे त्या मानाने सोपे झाले. 1911 ची कसोटी मला आजही आवडते: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे.

उरले शहर. नगरपालिका, महानगरपालिका किंवा कटक मंडळ (लष्करी छावणीचा कारभार पाहणारे) असेल तर प्रश्न नाही. बाकी गावांसाठी 1961 पासून तीन अटी: वस्ती किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. पुरुषांपैकी, हे लक्षात घ्या. गाव शहर झाले की नाही, हे ठरवताना बायकांचे काम हिशेबातच नाही. अशा 'जनगणना नगरां'ची संख्या 2001 मध्ये 1,362 होती, 2011 मध्ये 3,894 झाली. देशाच्या शहरीकरणाचा वेग म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यात यांचा वाटा मोठा आहे. अहवालात ती शहरे असतात, पण पाणीपट्टी आणि गटाराची तक्रार घेऊन लोक जातात ते ग्रामपंचायतीतच.