कोड स्निपेट संग्रह

प्रोग्रॅमिंग आणि सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन करताना पुन्हा पुन्हा लागणारे कोडचे छोटे तुकडे (स्निपेट) जपून ठेवण्याची पद्धत. एका ओळीच्या कमांडपासून वीस-पंचवीस ओळींच्या फंक्शनपर्यंत काहीही त्यात येते. स्वतंत्र लायब्ररी (तयार कोडचा वेगळा संच) करावी एवढा या तुकड्याचा जीव नसतो, पण दर वेळी नव्याने जुळवायचा म्हटला तर अर्धा तास सहज जातो. सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या संग्रहात काही गोष्टी हमखास सापडतात : डिस्क नेमकी कोणत्या फोल्डरने भरली ते शोधणे, लॉगमधून (सर्व्हरच्या नोंदवहीतून) सर्वाधिक विनंत्या पाठवणारे आयपी पत्ते काढणे, वेबसाइटच्या सुरक्षिततेसाठीच्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत पाहणे, महिन्याभरापूर्वीचे बॅकअप पुसणे.

ही सवय संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये सुरू झालेल्या एडसॅक संगणकासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी सबरुटीनचा (पुन्हा वापरता येणाऱ्या उपप्रोग्रॅमचा) संग्रह उभा केला. प्रत्येक सबरुटीन छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर असे. या संग्रहावर आधारित त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये निघाले. कोड लिहून तपासून झाला तरी तो इतरांना वापरता येईल असे त्याचे वर्णन लिहिणे बाकी राहते आणि कदाचित तेच सर्वांत अवघड काम असते, असे व्हीलर यांनी १९५२ मधील निबंधात नोंदवले. आजचे बहुतेक वैयक्तिक संग्रह नेमके इथेच लंगडे पडतात. कोड असतो; तो कशासाठी, कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या अटीवर चालतो, याचा पत्ता नसतो.

१९७२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने ‘हॅकमेम’ हे टिपण काढले. गणितातील गमती आणि पीडीपी-१० संगणकावरच्या क्लृप्त्या त्यात एकत्र होत्या. सिस्टिम ॲडमिनच्या ‘वन-लायनर’ला (एका ओळीत काम उरकणाऱ्या कमांडला) मात्र खरी चालना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने दिली. १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आला आणि एका प्रोग्रॅमचे आउटपुट थेट दुसऱ्याला देता येऊ लागले. ग्रेप, सेड, सॉर्ट आणि १९७७ मधील ऑक या मजकूर हाताळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची साखळी जोडून एका ओळीत बरेच मोठे काम होऊ लागले. अशी ओळ जुळवायला वेळ लागतो आणि विसरायला अजिबात लागत नाही, म्हणून ती लिहून ठेवणे आले.

साठवण्याच्या जागा अनेक आहेत. सर्वांत आळशी संग्रह म्हणजे बॅश शेलची (कमांड टाइप करायच्या प्रोग्रॅमची) हिस्टरी. कंट्रोल-आर दाबून मागची कमांड शोधता येते. रोजच्या कमांडना एलियस (छोटे टोपणनाव) किंवा फंक्शन करून बॅशच्या सेटिंग फाइलमध्ये टाकतात, आणि अशा फाइली गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत ठेवल्या की नव्या मशीनवरही मिळतात. एडिटरमधील स्निपेट सोय वेगळ्या प्रकारची : संक्षेप टाइप करून टॅब दाबला की पूर्ण साचा उमटतो आणि कर्सर रिकाम्या जागांवरून फिरतो. २००८ मध्ये कोड ठेवण्याची साइट असलेल्या गिटहबने ‘गिस्ट’ ही स्निपेट ठेवण्याची सोय सुरू केली. त्यातील ‘सीक्रेट’ गिस्ट नावापुरतेच गुप्त असतात. लिंक हाती लागली की कोणीही ते वाचू शकतो, त्यामुळे पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डसारखी प्रवेश-किल्ली) त्यात ठेवू नये.

उचललेला तुकडा नव्या ठिकाणी तसाच वागेल याची खात्री नसते. फाइल जागच्या जागी बदलण्याचा सेडचा पर्याय लिनक्सवर एका तऱ्हेने आणि मॅकवर दुसऱ्या तऱ्हेने लिहावा लागतो. फाइली कॉपी करणाऱ्या आरएसिंकमध्ये स्रोत फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली की आतला मजकूर जातो, न दिल्यास अख्खा फोल्डर जातो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हा फरक महागात पडतो. मान्यवर तुकडेही निर्दोष नसतात. बाइटची संख्या केबी-एमबीमध्ये दाखवणारे २०१० मधील एक जावा फंक्शन स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून हजारो प्रकल्पांत उतरवले गेले. ९,९९,९९९ बाइट दिल्यावर ते एक एमबीऐवजी ‘१०००.० केबी’ दाखवी. ही चूक मूळ लेखकाने २०१९ मध्ये जाहीरपणे समजावून सांगितली.

रोमन लिपी गृहीत धरलेले तुकडे देवनागरीवर हमखास अडखळतात. ‘मराठी’ या शब्दात वाचकाला तीन अक्षरे दिसतात, पायथॉन ही प्रोग्रॅमिंग भाषा त्याची लांबी पाच सांगते (काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात) आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तो पंधरा बाइट घेतो. बाइट मोजून मजकूर कापणारा तुकडा अक्षराच्या मधोमध सुरी चालवतो. स्ट्रिंग (अक्षरांची माळ) उलटी करणारी लोकप्रिय एक ओळ तर ‘मराठी’चे ‘ीठारम’ करून टाकते.

मालकीचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश आणि समान-परवाना अटींवर मिळतो, म्हणजे मूळ लेखकाचा उल्लेख आवश्यक ठरतो. २०२१ मध्ये गिटहबच्या ‘कोपायलट’ या कोड सुचवणाऱ्या एआय साधनाने ‘क्वेक ३’ खेळातील वर्गमूळाच्या व्यस्ताचे प्रसिद्ध फंक्शन मूळ टिप्पण्यांतील शिवीसकट जसेच्या तसे सुचवले आणि वर भलताच परवाना जोडला, तेव्हा या विषयाची मोठी चर्चा झाली.