पीओके एक नाही, दोन आहेत: मुझफ्फराबादवालं आणि गिलगिटवालं

दोन वर्षांपूर्वी लेहची ट्रीप केली तेव्हा नुब्रातून पुढे जाऊन तुर्तुकला एक रात्र मुक्काम टाकला होता. श्योक नदीच्या काठचं, जर्दाळूच्या झाडांत दडलेलं गाव, पलीकडे थोड्या अंतरावर थांग आणि तिथून पुढे एलओसी. ज्यांच्या घरी उतरलो ते काका साठीच्या पुढचे. संध्याकाळी चहा देता देता सांगत होते की त्यांचा सख्खा मामा आणि मामाची पोरं तिकडे राहतात, कारण १९७१ पर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं, डिसेंबरात मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने ते घेतलं आणि ज्यांची माणसं तेव्हा कामाला म्हणून पलीकडच्या स्कर्दू शहराच्या बाजूला गेली होती ती कायमची तिकडेच राहिली. आमच्यातला एकजण अगदी मनापासून हळहळत म्हणाला, "मतलब मामाजी मुझफ्फराबाद में हैं?" काका हसले. "नहीं साहब, वो तो कश्मीरवालों का है. हमारा बल्तिस्तान है."

मित्र गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्प, कारण माझ्याही डोक्यात पीओके म्हणजे एकच एक तुकडा होता आणि त्याची राजधानी मुझफ्फराबाद. परत आल्यावर नकाशे घेऊन बसलो तेव्हा कळलं की आपण ज्याला एका शब्दात पीओके म्हणतो ते दोन वेगळे प्रदेश आहेत, दोघांचं सरकार वेगळं, कायदा वेगळा, भाषा वेगळी, पाकिस्तानच्या हातात जाण्याची गोष्टसुद्धा वेगळी. आणि गंमत म्हणजे ज्याला काश्मीर म्हणतात, म्हणजे श्रीनगरचं खोरं, ते या दोन्हींत जवळपास नाहीच.

आधी आकार बघा. पाकिस्तान ज्याला 'आझाद जम्मू काश्मीर' म्हणतो (आपल्याकडे हे नाव अवतरणातच लिहितात, मी पुढे सरळ मुझफ्फराबादवालं म्हणतो) तो साधारण १३ हजार चौरस किलोमीटरचा लांबुळका पट्टा आहे, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याहूनही लहान. पण त्यात २०१७ च्या त्यांच्या जनगणनेप्रमाणे ४० लाखांवर लोक. दुसरा गिलगिट-बाल्टिस्तान, तो ७२ हजार चौरस किलोमीटरच्या वर, अख्ख्या मराठवाड्याहून मोठा, आणि माणसं किती तर १५ लाखांच्या आसपास, २०११ मध्ये एकट्या नाशिक शहरात होती तेवढीच. म्हणजे टीव्हीवर लाल रंगात जो मोठा तुकडा दाखवतात त्याचा बहुतेक भाग गिलगिटचा असतो आणि अँकर बोलत असतो मुझफ्फराबादबद्दल.

मुझफ्फराबादवाला पट्टा दक्षिणेला भिंबर-मीरपूरच्या जवळजवळ पंजाबी मैदानापासून सुरू होतो, मधे रावळकोट-पूंछचे डोंगर, आणि वर नीलम खोरं. नीलम म्हणजे आपली किशनगंगा, ती मुझफ्फराबादजवळ दोमेलला झेलमला मिळते. केरनसारख्या ठिकाणी तर नदीच एलओसी आहे, या काठावरून त्या काठावरचा माणूस हात हलवताना दिसतो. शारदापीठाचे अवशेष याच खोऱ्यात वरच्या अंगाला आहेत. लोक बोलतात पहाडी, गोजरी, हिंदको. काश्मिरी बोलणारे थोडे. कारण जुन्या जम्मू-काश्मीर संस्थानात मीरपूर हा जम्मू प्रांताचा जिल्हा होता, पूंछ ही जहागीर, आणि फक्त मुझफ्फराबाद जिल्हा काश्मीर प्रांतात येत होता. म्हणजे नावात काश्मीर असलं तरी माल बराचसा जम्मूचा. इंग्लंडमध्ये जे 'काश्मिरी' भेटतात त्यातले बरेच मीरपूरचे, साठच्या दशकात मंगला धरण बांधलं तेव्हा जुनं मीरपूर पाण्याखाली गेलं, लाखभर माणसं उठली, आणि त्यातली पुष्कळ ब्रॅडफर्ड-बर्मिंगहॅमला गेली.

गिलगिट-बाल्टिस्तान हे वेगळंच जग. काराकोरम, केटू ८,६११ मीटर, नंगा पर्वत ८,१२६ मीटर, खुंजेराब खिंडीतून चीनला जाणारा काराकोरम हायवे. भाषा शिना, बाल्टी, बुरुशास्की, वखी, खोवार. यातली बाल्टी ही लडाखीची सख्खी बहीण, म्हणून तुर्तुकच्या काकांना लेहच्या बाजारात फार अडत नाही पण श्रीनगरची काश्मिरी डोक्यावरून जाते. धर्माच्या बाबतीतही मुझफ्फराबादकडे बहुतांश सुन्नी, तर इकडे शिया, इस्माइली, नूरबख्शी आणि सुन्नी असं मिश्रण. संस्थानाच्या काळात बाल्टिस्तान लडाख वजारतीत (म्हणजे जिल्ह्यात) होता, लेह, कारगिल, स्कर्दू अशा तीन तहसिली आणि वजारतीची कचेरी आलटून पालटून लेह आणि स्कर्दूत. ते काका 'हमारा' म्हणाले त्यामागे हे सगळं होतं.

आता १९४७. आपल्याला शाळेत एकच गोष्ट सांगितली जाते, २२ ऑक्टोबरला टोळीवाले घुसले, २६ ला महाराजांनी सही केली, २७ ला आपलं सैन्य श्रीनगरला उतरलं. ही गोष्ट मुझफ्फराबादची. तिला जोडून पूंछमधलं बंड होतं आणि २४ ऑक्टोबरला सरदार इब्राहिम खान यांच्या अध्यक्षतेखाली 'आझाद' सरकार जाहीर झालं.

गिलगिटला टोळीवाले कुणी आले नव्हते. तिथली भानगड निराळी. रशियाच्या भीतीने इंग्रजांनी तिथे एजन्सी (म्हणजे आपली राजकीय कचेरी) थाटली होती, १९३५ मध्ये महाराजांकडून गिलगिटचा भाग ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतला, आणि जायची वेळ आली तेव्हा १ ऑगस्ट १९४७ ला परत करून टाकला. महाराजांचे गव्हर्नर ब्रिगेडियर घनसारा सिंग तिथे पोचले खरे, पण खरी ताकद होती गिलगिट स्काउट्स या स्थानिक निमलष्करी दलाकडे आणि त्यांचा कमांडंट होता मेजर विल्यम ब्राउन नावाचा तरुण इंग्रज. ३१ ऑक्टोबरच्या रात्री स्काउट्सनी गव्हर्नरच्या घराला वेढा घातला, सकाळी त्यांना ताब्यात घेतलं, आणि १ नोव्हेंबरला तिथल्या लोकांनी स्वतःचं सरकार काढलं. ते जेमतेम दोन आठवडे टिकलं, १६ नोव्हेंबरला पाकिस्तानचा पोलिटिकल एजंट येऊन खुर्चीत बसला. तरी आजही तिकडे १ नोव्हेंबरला स्वातंत्र्यदिन करतात. स्कर्दूत लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा मूठभर शिपायांनिशी कित्येक महिने वेढ्यात लढले आणि १४ ऑगस्ट १९४८ ला दाणागोटा आणि दारूगोळा संपल्यावरच शरण गेले. ही लढाई आपल्याकडे किती जणांना माहिती आहे? मला नव्हती.

मग दोन्ही एकाच पाकिस्तानकडे आले तर एकत्र का नाही केले? इथे २८ एप्रिल १९४९ चा कराची करार येतो. (जुलै १९४९ मध्ये भारताबरोबर युद्धबंदी रेषेचा जो झाला तोही कराची करारच, नेटवर लोक सर्रास एकाची तारीख दुसऱ्याला लावतात, सावध राहा.) एप्रिलच्या करारात पाकिस्तानचे मंत्री गुरमानी, मुझफ्फराबादचे सरदार इब्राहिम आणि मुस्लिम कॉन्फरन्सचे चौधरी गुलाम अब्बास यांनी सह्या केल्या आणि गिलगिटचा कारभार थेट पाकिस्तान सरकारकडे दिला. गिलगिटचा एकही माणूस सही करायला नव्हता. घर एकाचं, खरेदीखतावर सह्या शेजाऱ्यांच्या, असला प्रकार. तिथल्या लोकांना याचा राग अजून आहे आणि तो मुझफ्फराबादवाल्यांवरही आहे.

तिथून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुझफ्फराबादला देशाचा सगळा थाट मिळाला, झेंडा, राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, विधानसभा, सुप्रीम कोर्ट, १९७४ ची अंतरिम राज्यघटना. वाटतं स्वतंत्र देशच. पण त्याच घटनेत लिहिलंय की पाकिस्तानात विलीनीकरणाच्या विरोधात प्रचार करता येणार नाही, निवडणुकीला उभं राहायचं तर तसं लिहून द्यावं लागतं. मुख्य सचिव आणि पोलिसांचा आयजी इस्लामाबादहून येतात. नाव 'आझाद'.

गिलगिटला थाटही नाही मिळाला. 'नॉर्दर्न एरियाज' एवढंच नाव, म्हणजे नुसती दिशा. इंग्रजांच्या वेळचा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन हा जुलमी कायदा सत्तरच्या दशकापर्यंत चालू, हुंझा-नगरचे मीर (स्थानिक राजे) तोपर्यंत गादीवर, वर इस्लामाबादचा बाबू. १९९९ मध्ये पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या लोकांनाही मूलभूत हक्क द्या. गिलगिट-बाल्टिस्तान हे नाव अधिकृतपणे मिळालं २००९ मध्ये, तेही घटनेने नाही, सरकारी ऑर्डरने, २०१८ मध्ये नवीन ऑर्डर आली. तिथे मुख्यमंत्री आणि गव्हर्नर असतो. तेव्हा बातमीत 'पंतप्रधान' दिसला तर मुझफ्फराबाद, 'मुख्यमंत्री' दिसला तर गिलगिट, एवढी खूण लक्षात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो. पाकिस्तानच्या संसदेत मात्र दोघांचाही एकही खासदार नाही.

सगळ्यात टोचणारा फरक जमिनीचा. महाराजांच्या काळात १९२७ मध्ये स्टेट सब्जेक्टचा नियम झाला होता, बाहेरच्याला संस्थानात जमीन घेता येणार नाही. मुझफ्फराबादकडे तो आजही आहे. गिलगिटमध्ये भुट्टोंच्या काळात तो गेला आणि बाहेरचे लोक येऊन जमिनी घ्यायला लागले. वर पडीक माळ आणि डोंगर 'खालसा सरकार' म्हणून सरकार आपले समजत आलं. शब्द शीख-डोगरा काळातला, वापरणारे पाकिस्तानी अधिकारी. चीनचा हायवे आणि मोठी धरणं आल्यावर या जमिनीला भाव आला तशी भांडणं वाढली.

बरं, गिलगिटच्या लोकांचीच बऱ्याच वर्षांची मागणी आहे की आम्हाला पाकिस्तानचा पाचवा प्रांत करा. इम्रान खान यांनी १ नोव्हेंबर २०२० ला तात्पुरता प्रांत करू असं जाहीरही केलं. झालं काही नाही. कारण प्रांत केला की काश्मीरचा प्रश्न अनिर्णित आहे हा पाकिस्तानचा जगभर मांडलेला मुद्दाच लुळा पडतो, आणि कधी सार्वमत झालंच तर गिलगिटची हक्काची वाटणारी मतं हातची जातात. मुझफ्फराबादचे पुढारीही विरोधात. तिथल्या हायकोर्टाने १९९३ मध्ये चक्क निकाल दिला होता की हा भाग आमच्यात द्या, पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने फिरवला, की तो जम्मू-काश्मीर संस्थानाचा भाग आहे पण 'आझाद' काश्मीरचा नाही. म्हणजे घरचा आहे, पण आमच्या खोलीतला नाही.

निवडणुकांत मात्र दोन्हीकडे एकच नियम दिसतो, इस्लामाबादेत ज्याची सत्ता तो जिंकतो. गिलगिटमध्ये २००९ ला पीपल्स पार्टी, २०१५ ला नवाज लीग, २०२० ला इम्रान यांचा पक्ष. मुझफ्फराबादला २०११, २०१६, २०२१, पक्ष त्याच क्रमाने. शिवाय मुझफ्फराबादच्या विधानसभेत १२ जागा पाकिस्तानात राहणाऱ्या निर्वासितांच्या आहेत, मतदार लाहोर-सियालकोटकडचे, म्हणजे सरकार पाडायची किल्ली बाहेरच.

रस्त्यावरचे मुद्दे बघितले तरी फरक कळतो. मे २०२४ मध्ये मुझफ्फराबादकडे अवामी ॲक्शन कमिटीचं मोठं आंदोलन झालं, म्हणणं साधं, मंगलाची वीज आमच्या पाण्यावर होते तर आम्हाला महाग का? माणसं गेली, मग सरकारने २३ अब्ज रुपये देऊन पीठ आणि वीज स्वस्त केली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात परत भडका, तेव्हा त्या १२ जागा रद्द करा ही मागणीही होती. गिलगिटमध्ये रोष असतो तो गव्हाच्या सबसिडीवर आणि जमिनीवर. आपल्याकडे दोन्हींची बातमी 'पीओके पेटलं' या एकाच मथळ्याखाली येते, आणि खाली कमेंटमध्ये लगेच झेंडे.

भारताची भूमिका दोन्हींबाबत एकच, सगळं आपलं, २२ फेब्रुवारी १९९४ चा संसदेचा ठराव आहेच. पण २०१९ मध्ये जे नवे नकाशे निघाले ते नीट बघा. मुझफ्फराबाद आणि मीरपूर जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेशात दाखवलेत, गिलगिट मात्र लडाखमध्ये, लेह जिल्ह्यात. म्हणजे आपल्या सरकारच्या कागदावरसुद्धा हे दोन तुकडे दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. मे २०२० पासून हवामान खातंही अंदाजात गिलगिट-बाल्टिस्तान आणि मुझफ्फराबाद अशी दोन नावं वेगवेगळी घेतं. न्यूज चॅनेलवाल्यांनी निदान हवामानाच्या बातम्या बघाव्यात.

आणि रस्ते. मुझफ्फराबादच्या वाट्याला निदान बस आली, ७ एप्रिल २००५ ला श्रीनगर-मुझफ्फराबाद सुरू झाली, पुढच्या वर्षी पूंछ-रावळकोट, २००८ पासून ट्रकने व्यापार, दुरावलेली माणसं चौदा वर्षं ये-जा करत होती, २०१९ मध्ये ते सगळं थांबलं. कारगिल-स्कर्दू रस्ता उघडा ही मागणी तितकीच जुनी, पण तिथून एकही बस कधी गेली नाही. तुर्तुकच्या काकांना मामाच्या पोरांना भेटायचं तर आधी लेह, मग दिल्ली, व्हिसा मिळाला तर वाघा, लाहोर, इस्लामाबाद आणि तिथून परत उत्तरेला स्कर्दू, आणि एप्रिल २०२५ पासून वाघ्याचं फाटकही बंद. काका त्यांच्या गच्चीवर उभे राहून श्योक जिकडे वळते तिकडे बोट दाखवत होते, नदी तिकडेच जाते म्हणाले, पुढे सिंधूला मिळते आणि स्कर्दूवरून जाते.