ऑब्लेट म्हणजे चपटं नव्हे

परवा इंदूरच्या राजवाड्याजवळच्या ठेल्यावर संत्री घेत होतो, तेवढ्यात अकरावीतल्या भाचीने विचारलं, "मामा, ऑब्लेट म्हणजे काय? डिक्शनरीत 'चपटा' दिलंय. मग पृथ्वी काय थालीपीठ आहे?"

उत्तर समोरच रचून ठेवलं होतं. आगर-माळव्याकडचं एक संत्रं उचललं. देठ आणि बूड चिमटीत धरलं. ("दबाके मत देखो साहब," ठेलेवाला.) देठापासून बुडापर्यंत अंतर कमी, कंबर मात्र फुगीर. हे ऑब्लेट. शेजारच्या लिंबाची दोन टोकं बाहेर आलेली, ते प्रोलेट. म्हणजे या शब्दात एक अक्ष दडलेला आहे. नुसतं चपटं असून भागत नाही, कोणत्या दिशेने दबलंय ते महत्त्वाचं. आपण 'ध्रुवांशी चपटी, विषुववृत्तावर फुगीर' असं लांबलचक म्हणतो, पण अर्थ चोख पोचतो. डिक्शनरीने निम्मंच सांगितलं.

पृथ्वी संत्रं की लिंबू, यावर युरोपात खरोखरच वाद झाला होता. १६७२ मध्ये रिशेर नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला, तर त्याचं लंबकाचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्व किंचित कमी! न्यूटनचं म्हणणं, स्वतःभोवती फिरल्यामुळे पृथ्वी कमरेला फुगली आहे. पॅरिसचे खगोलशास्त्रज्ञ कासिनी लिंबाच्या बाजूचे. शेवटी १७३५ मध्ये एक तुकडी विषुववृत्तावर, तेव्हाच्या पेरू प्रांतात (आजचं इक्वेडोर), आणि १७३६ मध्ये दुसरी युरोपच्या उत्तर टोकाला लॅपलंडला मोजमापासाठी निघाली. ध्रुवाकडचा अक्षांशाचा एक अंश जास्त लांब भरला, म्हणजे तिथे पृथ्वी जास्त सपाट. संत्रं जिंकलं.

घरी करून बघायचं तर जाड कागदाच्या पट्टीचं कडं करा, विणायची सुई त्याच्या वरून खाली आरपार घाला. खालची बाजू सुईला चिकटवा, वरची मोकळी ठेवा. मग सुई तळहातांत रवीसारखी घुसळा. कडं कमरेला फुगतं, वरचं टोक खाली सरकतं. आपलं इंदूरही या घुसळणीत ताशी सुमारे १५४० किलोमीटरने फिरतंय.

फुगवटा किती? विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६३५७. ३० सेंटिमीटरच्या ग्लोबवर हा फरक व्यासात जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून दुकानातला ग्लोब बिनदिक्कत गोल असतो. शनी मात्र जवळजवळ दहा टक्के दबलेला, साध्या दुर्बिणीतूनही जाणवतो.

हाच शब्द डोळ्यांचे डॉक्टरही वापरतात. बुबुळावरचं पारदर्शक पारपटल मधोमध जास्त वक्र असतं, म्हणजे प्रोलेट, लिंबाच्या टोकासारखं. उणे नंबर घालवायला लेसिक या लेझर शस्त्रक्रियेत मधला भाग घासून सपाट केला की ते ऑब्लेटकडे झुकतं. इथे फिरणं वगैरे काही नाही, पण अक्ष आहेच, सरळ समोर बघणारा.

भाचीचा नंबर उणे तीन. तिने लिंबाकडे एकदा निरखून पाहिलं आणि चष्मा वर सरकवला.