दोघांत एक पावा

पेनाचं टोपण ओठांशी धरून कडेवर फुंकर घातली की शिट्टी वाजते. लांब टोपणाचा सूर खाली, आखूड टोपणाचा वर. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आयमारा आणि केचुआ लोक जो 'सिकू' वाजवतात, त्याच्यामागे एवढंच विज्ञान आहे. बांबूसारख्या वनस्पतीच्या, तळाशी बंद असलेल्या पोकळ नळ्या उतरत्या लांबीने शेजारी शेजारी बांधायच्या आणि वरून फुंकायचं.

बंद नळीत ध्वनिलहरीचा पाव हिस्साच मावतो. त्यामुळे 19.5 सेंटीमीटरची नळी 440 हर्ट्झचा सूर देते. दोन्ही टोकं उघडी असती तर त्याच सुरासाठी दुप्पट लांबी लागली असती. हा फायदा मोठाच. तितिकाका सरोवराभोवतीचं पठार 3,800 मीटर उंचीवर आहे आणि तिथे झाडं फारशी वाढत नाहीत. नळ्या येतात त्या पूर्वेकडच्या उतारांवरच्या उबदार, दमट दऱ्यांतून. 'तोयो' नावाच्या सर्वांत मोठ्या सिकूची लांब नळी एक मीटरच्याही वर जाते. ती उघडी असती तर पेलवली नसती.

पण सिकूची खरी गंमत बांधणीत नाही, वाटणीत आहे. त्याचे दोन भाग असतात: 'इरा' आणि 'आर्का', म्हणजे पुढे जाणारा आणि मागून येणारा. बहुधा इरात 6 नळ्या, आर्कात 7. सप्तकातले सूर आळीपाळीने वाटलेले. समजा एकाकडे सा, ग, प, नी असतील, तर रे, म, ध दुसऱ्याकडे. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, एकाचा सूर संपतो तिथे दुसऱ्याचा उचलला जातो आणि चाल पुढे सरकते. एकट्याला ती पुरी करताच येत नाही.

असं का? या उंचीवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. शिवाय सारखं फुंकत राहिलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि गरगरायला लागतं. जोडीदार वाजवत असताना दम घेता येतो. हे खरं असलं तरी मला ते अपुरं वाटतं. या गावांत 'आयनी'ची रीत आहे: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. आपण जिला सावड म्हणतो, तीच. सिकूची चाल ऐकताना मला दमापेक्षा ही सावडच आधी ऐकू येते.

विरळ हवेत सूर बदलत असेल, असं सहज वाटतं. तो बदलत नाही. उंचीवर हवेचा दाब आणि घनता दोन्ही जोडीने घटतात, म्हणून त्यामुळे ध्वनीचा वेग ढळत नाही. वेग ढळतो थंडीने: 20 अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे 343 मीटर, शून्याला 331. नळीतली हवा तेवढी गारठली तर सूर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा जास्तच उतरतो. मात्र सगळ्यांच्याच नळ्या गार पडत असल्यामुळे सगळा ताफा एकत्र उतरतो आणि चाल शाबूत राहते.

वाद्यांनाही इथे ऋतू आहेत. बोलिव्हियाच्या डोंगराळ भागात सिकू प्रामुख्याने कोरड्या हंगामातला, तर 'पिंकिल्यो' ही लाकडी बासरी पावसाळ्यातली. ती वाजवण्याआधी पाण्यात किंवा मक्याच्या दारूत, म्हणजे चिचात भिजवतात. लाकूड फुगतं, बारीक भेगा मिटतात आणि फुंकर वाया जात नाही. पिंकिल्योचा आवाज पावसाला बोलावतो, अशी तिथे श्रद्धा आहे. म्हणूनच पावसाळ्याच्या अखेरीस येणारा कार्निव्हलचा सण उरकला की अनेक गावांत ती ठेवून देतात. पुढे जून-जुलैत बटाटे रात्री उघड्यावर पसरून, दहिवरात गोठवून, दिवसा पायांनी तुडवून त्यांचा 'चुन्यो' करायचा असतो. वर्षभर टिकणारं हे अन्न व्हायला निरभ्र आभाळ आणि कडक थंडी लागते. त्या दिवसांत पिंकिल्यो फुंकून पाऊस ओढवून घेणं कुणालाच परवडत नाही.