तारकेची जोडी कशी जुळते?

व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिली की तो ठळक होतो. त्यावरून असा समज होतो की, असा मजकूर वाचून खुणांचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम (पार्सर) म्हणजे ‘शोधा आणि बदला’ एवढंच काम. दोन रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधणारी सूत्रं) लिहिली की झालं. मार्कडाउन ही अशाच खुणांनी मजकूर मांडण्याची पद्धत; तिच्यात ठळकसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका देतात, तिरप्या अक्षरांसाठी एकेक अंडरस्कोर. जॉन ग्रूबर यांची 2004 सालची मार्कडाउनची स्क्रिप्ट (पर्ल या भाषेतली) अशाच बदलांच्या साखळीवर चालायची. पण तसल्या साखळीला `**एक _दोन** तीन_` हे द्या: तिरप्या अक्षरांचा टॅग उघडाच असताना ठळकचा टॅग बंद होतो आणि एचटीएमएल (वेबपानाची टॅगांची भाषा) बिघडतं.

म्हणून काम दोन टप्प्यांत करावं. आधी ओळी वाचून शीर्षकं, याद्या, परिच्छेद वेगळे करा. परिच्छेदाच्या आतला मजकूर सगळी फाइल संपल्यावरच हाताळा, कारण दुव्याचा पत्ता शेवटच्या ओळीतही दिलेला असू शकतो.

खरी गंमत आतल्या मजकुरात आहे. डावीकडून वाचत जा. तारका किंवा अंडरस्कोर दिसला की लगेच टॅग काढू नका. स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या नोंदींच्या यादीत) नोंद ठेवा: चिन्ह कोणतं, किती, उघडू शकतं का, बंद करू शकतं का. बंद करणारी खूण आली की स्टॅकमध्ये मागे जात त्याच चिन्हाची सर्वांत जवळची उघडणारी खूण शोधा. सापडली तर जोडी जमली. मधल्या बिनजोडीच्या खुणा साधी अक्षरं ठरतात. वरच्या उदाहरणात ‘एक _दोन’ ठळक होतं आणि दोन्ही अंडरस्कोर जसेच्या तसे उरतात. टॅग एकमेकांना छेदणं शक्यच राहत नाही.

इथे एक सापळा आहे. आधी 50 हजार उघडणारे अंडरस्कोर आणि मग 50 हजार बंद करणाऱ्या तारका दिल्या, तर प्रत्येक तारका सगळे अंडरस्कोर चाळते: 250 कोटी तपासण्या! शोध वाया गेला की ‘या चिन्हासाठी याच्या मागे काही नाही’ अशी सीमा नोंदवून ठेवा, पुढची तारका तिथेच थांबेल.

खूण उघडते की बंद करते, हे शेजारच्या अक्षरांवरून ठरतं. कॉमनमार्क या प्रमाणित नियमावलीनुसार, आधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर असेल तर ती खूण बंद करू शकत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे हा नियम आपल्याला नेमका नडतो. `**'पार्सर'**मध्ये` यातल्या दुसऱ्या तारका उघडणाऱ्या ठरतात आणि चारही तारका पडद्यावर तशाच दिसतात. अवतरणचिन्हं बाहेर घेऊन `'**पार्सर**'मध्ये` असं लिहिलं की जोडी जुळते. `**दिल्ली**त` हेही चालतं. मात्र `__दिल्ली__त` चालत नाही, कारण शब्दाच्या मधोमध आलेला अंडरस्कोर बंद करणारा मानला जात नाही. फाइलींच्या नावांत तो सर्रास येतो, म्हणून ही खबरदारी.