पेजेतलं पाणी

मार्च २०२१. फिलिपिन्समध्ये टाळेबंदी होती. मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतात, एक तरुण रात्री गिऱ्हाइकाकडे 'लुगाव' पोहोचवायला निघाला होता. लुगाव म्हणजे तांदळाची दाट पेज. स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याला अडवलं. लुगाव जीवनावश्यक नाही, त्याच्यावाचून माणूस जगू शकतो, असं त्याला सांगितलं. चित्रफीत पसरली, लोक खवळले, आणि अखेर राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याने जाहीर केलं, की लुगाव जीवनावश्यकच आहे.

पेजेच्या वाट्याला आशियात बऱ्याच ठिकाणी असंच आलं आहे. चीनमध्ये दुष्काळात सरकारी अन्नछत्रांत तीच वाटली जायची, म्हणून ती गरिबीची खूण. आणि बाराव्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी कडधान्यं, सुकामेवा घालून तीच सणाची होते. हाँगकाँगमध्ये ती रोजची न्याहारी, पण कँटोनीज भाषेत निष्फळ गप्पांना 'बिनतांदळाची पेज शिजवणं' म्हणतात. जपानमध्ये 'ओकायू' म्हटलं की आजारपण आठवतं. तिला कमी लेखायचं कारण बहुधा एकच: तिच्यात पाणी फार. मला मात्र त्या पाण्यातच तिचं सामर्थ्य दिसतं.

वाटीभर तांदळाच्या भाताला दोनेक वाट्या पाणी पुरतं. पेजेला आठ ते बारा लागतात. तांदळातला स्टार्च घट्ट बांधलेल्या कणांत असतो. पाणी ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं (वाणानुसार थोडं मागेपुढे) की हे कण पाणी पिऊन टरारून फुगतात. त्यांतला अमायलोज हा लांब साखळीचा रेणू बाहेर झिरपतो, आणि उकळत ठेवलं की कण फुटतात. सुट्या झालेल्या साखळ्यांत पाणी अडकतं, म्हणून पेज दाट होते. गार होताना त्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि ती थिजते. भिजवलेले तांदूळ आधी गोठवले, तर बर्फाच्या स्फटिकांनी दाण्यांना तडे जातात आणि पेज लवकर होते.

आजाऱ्याला पेज का, याचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी मोडशीच्या, म्हणजे पटकीच्या, प्रकरणात मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी नोंदवलं आहे. त्याला ते 'कांजे' म्हणतात. तमिळ 'कांजी'च्याच कुळातला हा शब्द. इंग्रजीतलं 'काँजी'ही तिथूनच आलं. पुढे १९८० च्या दशकात ढाक्यातल्या संशोधकांनी जलसंजीवनीत ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ वापरलं, आणि पटकीच्या रुग्णांचे जुलाब कमी झाले.

आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेताना सोडियमही ओढून घेतात, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पण आतड्यात सुटं ग्लुकोज फार झालं, तर ते उलट शरीरातलंच पाणी बाहेर खेचतं. स्टार्चची लांब साखळी तसं करत नाही. पाचकरस तिचे तुकडे करत जातात, ग्लुकोज थोडं थोडं सुटतं आणि लगेच शोषलं जातं. मात्र नुसती पेज म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जलसंजीवनीत क्षार मोजूनच घालावे लागतात. आणि प्रथिनं, जीवनसत्त्वं पेजेत इतकी कमी, की बाळाला फक्त पेजेवर ठेवणं धोक्याचं.

जपानी रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर आधी 'ओमोयू', म्हणजे पेजेची नुसती निवळ, देतात. मग तांदळाच्या दहापट पाण्याची पेज, मग पाचपट पाण्याची, आणि शेवटी भात.